युद्धबंदी

१९५३ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण कोरियातल्या इंचॉन बंदराबाहेर भारतीय जवानांनी भरलेली जहाजं येऊन उभी राहत होती. धक्का समोर दिसत होता, पण त्यावर उतरायची सोय नव्हती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी बजावलं होतं, की भारताच्या एकाही शिपायाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही. मग अमेरिकेने तोड काढली. जवानांना समुद्रातच एका विमानवाहू नौकेवर घ्यायचं, तिथून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं आणि दक्षिण कोरियाच्या डोक्यावरून नेऊन थेट पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवायचं. त्या काळातलं हेलिकॉप्टर ते केवढं! एका खेपेला मोजकीच माणसं मावत. अशा खेपांमागून खेपा करत पाच-सहा हजारांची फौज तिकडे पोचवण्यात आली.

हे जवान लढायला आले नव्हते. एका बाजूने लढून दुसऱ्या बाजूच्या हाती सापडलेले आणि आता ‘आम्हाला घरी जायचं नाही’ म्हणणारे बावीस-तेवीस हजार कैदी सांभाळायला ते आले होते.

मराठीत ‘युद्धबंदी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. युद्ध थांबणं ही युद्धबंदी आणि युद्धात पकडला गेलेला माणूस हाही युद्धबंदी. वाक्यातल्या संदर्भावरून आपण अर्थ लावून घेतो. कोरियात हे दोन अर्थ एकमेकांत असे अडकले, की बंदीचा प्रश्न सुटल्याशिवाय बंदी होईना. नकाशावरची रेघ ठरली, देखरेख कोण करणार ते ठरलं, तरी वर्षभराहून अधिक काळ तोफा चालूच राहिल्या, कारण पकडलेल्या माणसांचं काय करायचं हे ठरत नव्हतं. ती गाठ सोडवण्यात भारताचा वाटा मोठा होता. आणि गाठ सुटल्यावर दोऱ्याची दोन्ही टोकं हातात धरून उभं राहायचं काम ज्याच्याकडे आलं, तो माणूस कोल्हापूरचा होता: मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. आपल्याकडे या गोष्टीची आठवण फारच कमी निघते, याची मला खंत वाटते.

कोरियाची फाळणी झाली ती एका रात्रीत. ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागलं, रशियन फौजा उत्तरेकडून कोरियात शिरत होत्या. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगितलं गेलं, की जपान्यांची शरणागती कोणी कुठे घ्यायची याची हद्द सुचवा. त्यांनी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा पुढ्यात घेतला आणि ३८व्या अक्षांशावर बोट ठेवलं. राजधानी सोल आपल्याकडे राहते, एवढं त्यांनी पाहिलं. गावं, नद्या, सोयरिकी कुणाच्या कुठे तुटतात हे पाहायला वेळ नव्हता. तीन वर्षांत त्या तात्पुरत्या रेघेच्या दोन बाजूंना दोन राज्यं उभी राहिली. दक्षिणेत ऱ्ही, उत्तरेत किम इल-सुंग. दोघांनाही सगळा देश हवा होता. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा रेघ ओलांडून खाली आल्या आणि तीन दिवसांत सोल पडलं.

त्या महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीचं अध्यक्षपद भारताकडे होतं, बेनेगल नरसिंह राव तिथे आपले प्रतिनिधी होते. आक्रमण उत्तरेने केलं, असं म्हणणाऱ्या ठरावाला भारताने मत दिलं. दक्षिणेच्या मदतीला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत लढाऊ तुकडी पाठवायला मात्र नकार दिला. पाठवलं ते एक वैद्यकीय पथक: ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज.

या पथकाची एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५०च्या डिसेंबरात चिनी फौजांच्या रेट्यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या फौजा प्याँगयाँग सोडून मागे धावत होत्या. रंगराज यांच्या पथकाला हुकूम मिळाला, की सामान टाका आणि निघा. शस्त्रक्रियेची सगळी सामग्री होती ती. ती टाकली तर पुढे जाऊन करायचं काय? त्यांनी एक बेवारस रेल्वे इंजिन आणि थोडे डबे हुडकून काढले. इंजिनाला पाणी हवं, तर बादल्यांची रांग लावून हातोहात पाणी भरलं. पथकातच इंजिन हाकता येणारी माणसं निघाली. अशी ती गाडी जखमी आणि सामानासकट दक्षिणेला आली, तिच्यामागे पूल उडवले जात होते. हेच पथक पुढे मार्च १९५१मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानजवळ आकाशातून उतरलं. अमेरिकन सेनापतींच्या मनात भारताच्या तटस्थतेबद्दल अढी होती, पण या डॉक्टरांबद्दल नव्हती.

तटस्थ माणसाचं कुणी ऐकत नाही, हा अनुभव मात्र भारताला युद्धाच्या पहिल्याच शरदात आला. सप्टेंबर १९५०मध्ये अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने इंचॉनला फौज उतरवली आणि पारडं फिरलं. आता अमेरिकन फौजा ३८व्या अक्षांशापाशी येऊन थांबतात की पलीकडे जातात, हा प्रश्न होता. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पेकिंगमध्ये भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवण्यात आलं. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना ताबडतोब भेटायला बोलावलं होतं. चौ यांचा निरोप सरळ होता: दक्षिण कोरियाच्या फौजांनी रेघ ओलांडली तर गोष्ट वेगळी, पण अमेरिकन फौजा ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. अमेरिकेचे नव्या चीनशी राजनैतिक संबंध नव्हते. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजीच त्या सरकारला मान्यता दिली होती. म्हणून निरोप आपल्या हाती आला.

तो वॉशिंग्टनला पोचला, वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला. पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले आहेत, त्यांच्या शब्दावर कशाला भरवसा ठेवायचा, असा तिथला सूर होता. अमेरिकन फौजा चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या रोखाने निघाल्या. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा त्याच नदीचं पात्र ओलांडून गुपचूप कोरियात शिरल्या. जानेवारीत सोल दुसऱ्यांदा पडलं, मार्चमध्ये ते परत घेतलं गेलं. चार वेळा हात बदललेल्या त्या शहराचं काय उरलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९५१च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही सैन्यं जवळजवळ निघाली तिथेच येऊन थबकली आणि १० जुलैला कायसाँगमध्ये बोलणी सुरू झाली. पुढे ती पानमुनजोमला हलवली गेली.

बोलणी कशावरून अडतील असं दोन्ही बाजूंना वाटलं होतं? हद्दीवरून, परकी फौजा परत नेण्यावरून. अडली ती चौथ्या विषयावरून, युद्धकैद्यांवरून.

कायदा पाहिला तर साधा. १९४९च्या जिनिव्हा कराराचं ११८वं कलम म्हणतं, की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवा. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेले कैदी होते. घरी जायचं नाही म्हणणारा कैदी त्यांच्या मनात आला नसावा. इथे तो हजारोंनी निघाला. चीनच्या फौजेत, कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या च्यांग काय-शेकच्या जुन्या सैन्यातले कितीतरी शिपाई होते. यादवीत हरल्यावर त्यांनी फक्त टोपी बदलली होती. उत्तर कोरियाच्या फौजेत दक्षिणेतून जबरीने भरती केलेली पोरं होती. दुसरीकडे, महायुद्ध संपल्यावर आपण रशियन कैद्यांना बळजबरीने स्टालिनच्या हवाली केलं, ही आठवण अमेरिकन अध्यक्ष ट्रूमन यांच्या पिढीला बोचत होती. ज्याला जायचं नाही त्याला आम्ही ढकलणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं. आणि एप्रिल १९५२मध्ये कैद्यांची चाचपणी झाली, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजारांपैकी जेमतेम ७० हजारच परत जायला तयार असल्याचं अमेरिकेने सांगितलं. चीन आणि उत्तर कोरियाच्या प्रतिनिधींना तो आकडा तोंडात मारल्यासारखा लागला.

माणसाला स्वतःच्या मनाने देश निवडू द्यावा, हे तत्त्व थोरच. पण ती निवड ज्या जागी होत होती ती जागाही पाहायला हवी. कोरियाच्या दक्षिण टोकाजवळच्या कोजे बेटावर तारेच्या कुंपणांत हजारो माणसं कोंबलेली होती. कुंपणाबाहेर पहारा अमेरिकनांचा, आत राज्य कैद्यांच्या टोळ्यांचं. काही कुंपणांत कम्युनिस्ट म्होरके, काही कुंपणांत त्यांचे कट्टर वैरी. रात्री आत ‘न्यायालयं’ भरत आणि सकाळी प्रेतं सापडत. मे १९५२मध्ये कम्युनिस्ट कैद्यांनी छावणीचे अमेरिकन प्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच कुंपणात ओढून नेलं आणि तीन दिवस ओलीस धरलं.

चिनी कैद्यांच्या कुंपणांत वेगळंच शस्त्र चालत होतं: गोंदण. च्यांगच्या बाजूचे म्होरके कैद्यांच्या दंडांवर, छातीवर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवून घेत. काही जण हौसेने गोंदवत, कित्येकांवर ते जबरदस्तीने उमटवलं जाई. मेल्यावर सगळं इथेच राहतं, सोबत येतं ते फक्त गोंदण, असं आपल्याकडच्या जुन्या बाया म्हणत. दंडावर चीन सरकारला शिव्या घेऊन कोणता शिपाई चीनमधल्या आपल्या आईकडे परतणार होता? घरी जायचं की नाही, हा प्रश्न विचारण्याआधीच सुईने उत्तर लिहून ठेवलं होतं.

या पेचातून वाट काढायचं काम भारताच्या शिष्टमंडळातले व्ही. के. कृष्ण मेनन यांनी अंगावर घेतलं. १९५२च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत ते मसुद्यावर मसुदे करत होते. त्यांच्या ठरावाचा गाभा असा: कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यायचे, त्यांच्या मूळ देशाच्या प्रतिनिधींनी येऊन त्यांना समजावायचं, आणि परत पाठवण्यासाठी किंवा परत जाण्यापासून रोखण्यासाठी, कशासाठीही कैद्यावर बळ वापरायचं नाही. ३ डिसेंबर १९५२ रोजी ५४ विरुद्ध ५ मतांनी ठराव संमत झाला. विरोधातली पाचही मतं सोव्हिएत गटाची. रशियाचे विशिन्स्की मेननवर तुटून पडले. चीननेही ठराव झिडकारला, तर वॉशिंग्टनने नाराजीनेच मत दिलं होतं.

मग ५ मार्च १९५३ला स्टालिन गेला. त्या महिन्याच्या अखेरीस चौ एन-लाय यांनी जाहीर केलं, की परत जायला नकार देणारे कैदी एखाद्या तटस्थ देशाकडे सोपवायला आपली हरकत नाही. झिडकारलेलाच मसुदा थोड्या फेरफाराने पुन्हा टेबलावर आला. ८ जूनला पानमुनजोममध्ये त्यावर सह्या झाल्या. आयोगात पाच देश: स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूला, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या, आणि मध्ये अध्यक्ष म्हणून भारत. कैद्यांवर पहारा ठेवणारी फौज मात्र एकट्या भारताची.

ऱ्ही यांना ही शस्त्रसंधीच नको होती. १८ जूनच्या पहाटे त्यांच्या हुकमावरून दक्षिण कोरियाच्या पहारेकऱ्यांनी छावण्यांची दारं उघडली आणि सुमारे २७ हजार उत्तर कोरियाई कैदी अंधारात पसार झाले. गावोगावच्या लोकांनी त्यांना कपडे देऊन लपवलं. सगळं पुन्हा फिसकटणार असं वाटलं, पण दोन्ही बाजू युद्धाला कंटाळल्या होत्या. २७ जुलैच्या सकाळी अमेरिकेचे लेफ्टनंट जनरल हॅरिसन आणि उत्तर कोरियाचे जनरल नाम इल यांनी एकमेकांशी शब्दही न बोलता सह्या केल्या. रात्री दहाला तोफा थांबल्या.

करारातल्या एका शब्दाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो: ‘बळ वापरायचं नाही’. दोन्ही बाजूंनी त्यावर सही केली, कारण दोघांनी त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ घेतला होता. अमेरिकेच्या मते, कैदी समजावणी ऐकायलाही नाही म्हणाला तर त्याला हात लावायचा नाही. चीनच्या मते, टोळ्यांच्या दहशतीतून कैद्याला सोडवून समजावणीच्या तंबूपर्यंत आणणं हे बळ नव्हेच, ते तर आयोगाचं कर्तव्य. मुत्सद्दी असे शब्द मुद्दाम शोधतात, त्यावाचून करार होत नाहीत. पण टेबलावर न सोडवलेला प्रश्न नाहीसा होत नाही, तो खाली उतरतो. इथे तो हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या जवानांच्या पुढ्यात येऊन पडला.

आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या, कूर्गचे. पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख थोरात. ही जोडी जुनी होती. १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगावची लढाई झाली, तेव्हा ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी अधिकारी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. हिंदी माणसाला पलटण देता येईल का, यावर इंग्रज तेव्हा वाद घालत होते. थोरातांना त्या लढाईत डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. कोरियात मात्र त्यांना लढाईत शिकलेलं बरंचसं बाजूला ठेवायचं होतं.

भारतीय तळाला ‘हिंद नगर’ नाव दिलं गेलं. १० सप्टेंबरपासून कैदी ताब्यात यायला लागले. २४ सप्टेंबरपर्यंत दक्षिणेच्या बाजूने २२,६०४ कैदी आले, त्यात १४,७०४ चिनी. उत्तरेच्या बाजूने आले ३५९: ३३५ दक्षिण कोरियाई, २३ अमेरिकन, १ ब्रिटिश. चिनी कैदी आले तेच झेंडे नाचवत, ढोल पिटत, आरडाओरडा करत. भारतीय म्हणजे कम्युनिस्टांचे हस्तक, ते तुम्हाला गुपचूप चीनच्या हवाली करतील, असं त्यांच्या मनावर बिंबवलेलं होतं. जवानांवर दगड आले, शिव्या आल्या. भाषा कळत नव्हती, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. कुंपणात शिरताना जवानाच्या हातात बंदूक नसे.

२५ सप्टेंबरला ठिणगी पडली. एक चिनी कैदी कुंपणातून निसटून आला आणि मला घरी पाठवा म्हणाला. करारानुसार भारतीयांनी त्याला लगेच वेगळं काढलं. त्याला परत द्या म्हणत आतल्या म्होरक्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला धरून कुंपणात ओढलं. बाहेर शस्त्रं होती. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण आत शेकडो माणसं, शेजारच्या प्रत्येक कुंपणात आणखी शेकडो. एकदा तार तुटली असती तर तीच आग कुंपणाकुंपणांतून पसरली असती.

थोरात स्वतः मोजक्या अधिकाऱ्यांसह आत गेले. भोवती कैद्यांचा वेढा पडला, ओरडा वाढला. आपल्या जिवाचं बरंवाईट झालं तर काय करायचं याच्या सूचना ते मागे देऊन आले होते. म्होरक्यांसमोर उभं राहून त्यांनी कैद्याची गोष्टच काढली नाही. आधी तक्रार केली ती पाहुणचाराची: आमच्याकडे कुणी दाराशी आलं तर चहापाणी विचारतात, तुमच्याकडे काही रीतभात आहे की नाही, अशा अर्थाचं ते बोलले. दुभाष्याने ते सांगितलं. क्षणभर शांतता झाली आणि मग कुणीतरी हसलं. सिगारेट पुढे आली. बोलणं सुरू झालं. शेवटी ग्रेवाल सुटले, थोरातही बाहेर आले, आणि घरी जायचं म्हणणारा तो कैदी काही परत दिला गेला नाही. थोरातांनी ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. त्यांना कोरियातल्या कामगिरीबद्दल अशोक चक्राचा दुसरा वर्ग मिळाला, ज्याला आज कीर्ती चक्र म्हणतात.

धाडस अनेकांकडे असतं. पण मारायला उठलेल्या जमावाला आपण कुणाचे तरी यजमान आहोत ही आठवण करून देण्यासाठी माणसांची जी जाण लागते, ती फार थोड्यांकडे असते. कोल्हापूरकडच्या घरात आल्यागेल्याला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. थोरातांनी तीच गोष्ट कोरियातल्या कुंपणात नेली, असं मला वाटतं.

सगळेच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कैदी कुंपणं मोडू लागले तेव्हा जवानांना गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. सोलमधून धमक्या सुरूच होत्या, की आमची फौज येऊन भारतीयांचा समाचार घेईल. निर्लष्करी पट्ट्याच्या मधोमध, दोन सशस्त्र सैन्यांच्या तोंडी, तंबूत राहणाऱ्या माणसांना उद्देशून हे बोललं जात होतं.

१५ ऑक्टोबरला समजावणी सुरू झाली. एकेक कैदी तंबूत आणायचा. आत टेबलापाशी त्याच्या मूळ देशाचे प्रतिनिधी, बाजूला आयोगाच्या पाच देशांची माणसं, मागे भारतीय पहारेकरी. तंबूला बाहेर पडायची दोन दारं: एक मायदेशाकडे, दुसरं परत कुंपणाकडे. चिनी प्रतिनिधी मऊ आवाजात सांगत: आई वाट पाहतेय, गावात जमीन वाटली गेली, मागचं सगळं माफ आहे. कैदी कानावर हात ठेवून ‘हुई तैवान’, म्हणजे ‘तैवानला परत’, असं ओरडत राही. कुणी थुंके, कुणी खुर्ची उचलून अंगावर धावे आणि दोन जवान त्याला कवेत धरून ठेवत. प्रतिनिधी सोडायला तयार नसत, एकेका कैद्यावर तासन् तास जात. आणि मग मधेच एखादा गप्प ऐकत राही, आजूबाजूला पाही आणि झटकन मायदेशाच्या दाराने बाहेर पडे. तो तंबूत येईपर्यंत आपल्या कुंपणातल्या शेजाऱ्यालाही मनातलं बोलला नसणार.

उत्तर कोरियाई कैदी तर कुंपणाबाहेर यायलाच तयार होईनात. चीन, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचं म्हणणं, फौज घालून त्यांना बाहेर काढा. स्विस आणि स्वीडिश सदस्यांचं म्हणणं, तसं केलंत तर आम्ही आयोग सोडतो. थिमय्यांनी बळ वापरायला नकार दिला. कुंपणात दहशत आहे, कैद्यांना खरी निवड करू दिली जात नाही, हे आयोगाच्या अहवालात भारताने स्पष्ट लिहिलं. पण ती दहशत मोडायला हजारो बिनहत्यारी माणसांवर संगिनी चालवायच्या का? थिमय्यांचं उत्तर नाही असं होतं, आणि ते मला पटतं, जरी त्यामुळे तंबूपर्यंत पोचण्याची वाट पाहत कुंपणात राहून गेलेली माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत. नव्वद दिवसांच्या मुदतीत जेमतेम दहा दिवस समजावणी झाली. २३ डिसेंबरला मुदत संपली.

अमेरिकेला उलट बाजूचा अनुभव उत्तरेकडच्या छोट्या छावणीत आला. तिथल्या २३ अमेरिकनांपैकी एडवर्ड डिकन्सन ऑक्टोबरात आणि क्लॉड बॅचलर नववर्षाच्या दिवशी परत फिरले. दोघांवरही पुढे अमेरिकेत लष्करी खटले चालले. उरलेले २१ चीनला गेले. आपला मुलगा स्वखुशीने त्या बाजूला जाऊच कसा शकतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने चघळला. पेकिंगमध्येही, चौदा हजारांच्या बाबतीत, हाच प्रश्न होता.

करारानुसार उरलेल्या कैद्यांचा निर्णय एका राजकीय परिषदेत व्हायचा होता. तिच्यात भारताला जागा द्यावी का, यावर ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं होतं: २७ बाजूने, २१ विरुद्ध, ११ तटस्थ. दोन तृतीयांश मतं जमत नाहीत हे पाहून भारताने नाव मागे घेतलं. विरोधात अमेरिका पुढे होती. म्हणजे कैदी सांभाळायला भारत हवा, पण बोलायला बसताना नको. ती परिषद त्या मुदतीत भरलीच नाही. २० जानेवारी १९५४पासून थिमय्यांनी कैदी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे परत सोपवले. अमेरिकेने त्यांना मोकळं केलं, चीनने निषेध केला. थंडीत रांगा करून हजारो माणसं दक्षिणेकडे चालत गेली. चिनी कैदी जहाजांनी तैवानला पोचले.

हिशेब असा लागला. २२,६०४पैकी ६२८ जण मायदेशी गेले, २१,८३९ संयुक्त राष्ट्रांच्या बाजूला परत, ३८ मेले, १३ पळाले. उत्तरेकडच्या ३५९पैकी १० घरी गेले, ३४७ तिकडेच राहिले. अमेरिकेचे नवे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून भारतीय फौजेची मनापासून प्रशंसा केली.

या गोष्टीतली तीन माणसं पुढे एकमेकांसमोर आली, तेही सांगायला हवं. ठराव लिहिणारे मेनन १९५७मध्ये संरक्षणमंत्री झाले, त्याच वर्षी थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि दोघांचं बिनसलं. पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून थोरातांनी १९६०च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला आणि चीनने हल्ला केला तर कुठे काय तुटेल ते दाखवलं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. १९६१मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले, पुढच्या वर्षी चीनचा हल्ला झाला. कोरियात ज्यांनी चिनी मुत्सद्द्यांशी रोज टेबलावर बसून वाद घातला होता, ती दोन माणसं त्या वेळी सैन्यात नव्हती.

हिशेबातले काही आकडे अजून सांगायचे राहिले आहेत. दक्षिणेच्या बाजूचे ८६ आणि उत्तरेच्या बाजूचे २ असे ८८ कैदी दोन्ही दारांना नाही म्हणाले. त्यांना तटस्थ देश हवा होता. कोरियाई लेखक चोई इन-हुन यांची १९६०ची ‘चौक’ ही कादंबरी अशाच एका कैद्याची आहे. तो ‘टागोर’ नावाच्या जहाजातून भारताकडे निघतो आणि वाटेत समुद्रात नाहीसा होतो. खरे ८८ जण पोचले. पुढे १९५६च्या सुमारास त्यांतले बहुतेक ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतात राहिले.

फेब्रुवारी १९५४मध्ये भारतीय फौजेच्या शेवटच्या तुकड्यांबरोबर ते ‘अस्तुरियास’ जहाजावर चढले. उत्तरेच्या फौजेतून लढलेले ७४ कोरियाई, दक्षिणेच्या फौजेतून लढलेले २, आणि १२ चिनी. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ते वेगवेगळ्या सैन्यांचे कैदी होते. आता सगळे एकाच डेकवर होते, आणि जहाज मद्रासच्या दिशेने निघालं होतं.